शेवटच्या चार ओळींचं काय करायचं?

तुम्ही पाठवलेली कविता आधी इथे उतरवून घेते, म्हणजे पुढचं बोलणं अधांतरी राहणार नाही.

सामान गेलं.
भिंतीवर खिळे राहिले,
प्रत्येक खिळ्याखाली
एक उजळ चौकोन.
तेव्हा उमगलं मला
घर भिंतींचं नसतं,
घर असतं माणसांचं
आणि त्यांच्या आठवणींचं.

मित्र म्हणाले, 'तेव्हा उमगलं'पासून पुढचं सगळं काढून टाक. तुमचा प्रश्न असा, की ते काढलं तर वाचणाऱ्याला कळणार कसं? आणि जोडीला दुसरा प्रश्न: कविता आखूडच असली पाहिजे असा काही नियम आहे का?

दुसऱ्याचं उत्तर पटकन देते. असा नियम नाही. शंभर ओळींची कविता घट्ट असू शकते आणि दोन ओळींची पसरट. तुमचे मित्र बरोबर सांगताहेत, पण त्याचं कारण लांबी हे नाही. गेली २५ वर्षं मी कविता लिहिते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं एका नियतकालिकासाठी आलेल्या कविता वाचून निवडण्याचं काम केलं. आलेल्या कवितांत सर्वांत जास्त वेळा दिसलेलं दुखणं हेच: कविता संपलेली असते आणि कवी बोलतच असतो.

तुमच्या पहिल्या चार ओळी वाचताना मी एका रिकाम्या खोलीत उभी होते. मला चौकोन दिसले. मग मनात आलं, की ते उजळ आहेत याचा अर्थ बाकीची भिंत इतक्या वर्षांत मळत गेली. जिथे तसबीर टांगलेली होती तेवढाच रंग पहिल्या दिवसासारखा राहिला. हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं. मी ते शोधलं, म्हणून ते माझं झालं. एवढ्यात पाचव्या ओळीने मला खोलीबाहेर बोलावलं आणि घराविषयी एक विधान ऐकवलं. ते विधान खोटं नाही, पण ते ऐकायला मला त्या खोलीत जाण्याची गरज नव्हती. आणखी एक गोष्ट झाली, ती जास्त गंभीर आहे. चौकोनांमधून मी जिथवर पोचले होते त्यापेक्षा ते विधान लहान निघालं. चौकोनांत काळ होता, मळ होता, झाकलेल्या गोष्टी टिकतात हे होतं. 'आठवणी' या शब्दाने ते सगळं एका परिचित डब्यात भरून झाकण लावलं.

'कळणार कसं?' ही भीती मात्र मला पूर्ण समजते. ती खरी आहे आणि तिचं उत्तर आपल्याच भाषेच्या घरात फार जुनं आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा तुम्ही वाचल्या असतील. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला सातशे गाथांचा संग्रह. गाथा म्हणजे दोन ओळी, पहिलीच्या मात्रा ३० आणि दुसरीच्या २७. एकूण ५७ मात्रांत सगळं बसवायचं. त्यातल्या एका गाथेत एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: महाराज, आता बिनधास्त फिरा, तो कुत्रा आज मेला, गोदावरीकाठच्या झुडपात राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने त्याला मारलं.

गाथा इथे संपते. शब्द म्हणतात 'फिरा', आणि ऐकणाऱ्याला कळतं 'तिकडे पाऊल टाकू नका'. का, तर टीकाकार सांगतात की ते झुडूप तिचं प्रियकराला भेटण्याचं ठिकाण आहे आणि हा भला गृहस्थ तिथे नेमका फिरायला येतो. कुत्र्याला तो भीत होता, आता सिंह ऐकल्यावर काय करील? प्रियकर गाथेत नाही. भेट नाही. 'मला एकांत हवा' हे तर नाहीच. नवव्या शतकात काश्मीरमध्ये काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने ध्वनीचा, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. लगेच पुढे दुसरी घेतली, तिच्यात उलटा प्रकार: घरची सून वाटसरूला सांगते, सासू इथे झोपते, मी तिथे, दिवसाउजेडी नीट बघून ठेवा, रातांधळे आहात, आमच्या अंथरुणावर येऊन पडू नका. शब्दांत मनाई आणि मनात आमंत्रण.

मी नव्या कवींना या दोन गाथा दाखवते त्या ध्वनीसाठी कमी आणि एका वेगळ्याच गोष्टीसाठी जास्त. त्यांत धूसर काही नाही. कुत्रा, सिंह, नदी, झुडूप. सासू कुठे, सून कुठे, उजेड आहे, अंथरूण आहे. हकिकत एखाद्या पंचनाम्याइतकी स्पष्ट आहे, आणि न सांगितलेला आहे तो फक्त निष्कर्ष. आपल्याकडे बहुतेक वेळा नेमकं उलटं होतं. कवी हकिकत अंधुक ठेवतो (कोण, कुठे, काय झालं याचा पत्ता नाही) आणि निष्कर्ष मात्र ठळक अक्षरांत देतो. मग वाचक गोंधळतो, आणि तो गोंधळ पाहून कवी आणखी एक निष्कर्ष जोडतो. 'कळणार कसं?' या भीतीवर उपाय शेवटच्या ओळींत सापडत नाही, तो पहिल्या ओळींत करायचा असतो. काय घडलं ते सांगण्यात कंजुषी करू नका.

अकराव्या शतकात मम्मटाने काव्यप्रकाश या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथात दोषांची मोठी यादी दिली आहे. त्यातले तीन शब्द मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहेत. 'अधिकपद' म्हणजे गरजेपेक्षा जास्त शब्द. 'कथितपद' म्हणजे एकदा म्हटलेलं पुन्हा म्हणणं. आणि तिसरा मला फार आवडतो: 'समाप्तपुनरात्त', बोलणं पुरं झाल्यावर ते पुन्हा उचलणं. मम्मटाने तो वाक्यरचनेपुरता सांगितला आहे. मी तो सबंध कवितेला लावून बघते आणि दर वेळी उपयोगी पडतो. तुमच्या पाचव्या ओळीत नेमकं तेच झालं आहे. याशिवाय रसदोषांत, म्हणजे भाव पोचवताना होणाऱ्या चुकांत, एक दोष आहे, भावनेचा तिच्या स्वतःच्या नावाने उच्चार करणं. 'शोक' म्हटल्याने शोक होत नाही. वेदना, एकाकीपण, पोकळी, अस्तित्व, आठवणी हे शब्द हस्तलिखितात दिसले की मी पेन्सिलीने त्यांच्याखाली रेघ ओढते आणि विचारते, ही गोष्ट कवितेत कुठे घडते आहे? घडत असेल तर शब्द नको. घडत नसेल तर नुसत्या शब्दाने ती घडणार नाही.

आता माझ्या स्वतःच्या कवितेचं उदाहरण देते, कारण कापणं म्हणजे काय ते कापलेलं दाखवल्याशिवाय कळत नाही. वडील गेल्यावर मी लिहिलेला पहिला खर्डा असा होता:

बाबा गेले त्याला आता सहा महिने झाले,
घर अजून त्यांच्या आठवणींनी भरलेलं.
काल कपाट आवरताना
सापडलं त्यांचं कानाचं मशीन.
आयुष्यभर आम्ही ओरडत राहिलो
'बाबा, मशीन लावा' म्हणून.
मुठीत घेतलं
तर ते बारीक शिट्टी वाजवायला लागलं,
जणू काही अजून जिवंत असावं,
जणू काही सांगू पाहत असावं.
तेव्हा कळलं,
त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही,
आम्हीच कधी त्यांचं ऐकलं नाही,
आणि आता फार उशीर झाला आहे.

चौदा ओळी. लिहिताना मी रडले होते, त्यामुळे प्रत्येक ओळ मला अटळ वाटत होती. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे: लिहिताना जे दाटून येतं ते कागदावर उतरलंच आहे असं नसतं. दोन महिने मी ती वही उघडली नाही.

पुन्हा वाचली तेव्हा पहिली गोष्ट खटकली ती सहा महिन्यांची. ही यंत्रं मुठीत धरली की स्वतःचाच आवाज पुन्हा पकडतात, म्हणून शिट्टी वाजते; पण त्यासाठी बॅटरी चालू असावी लागते, आणि त्यातली छोटी गोल बॅटरी आठवडा-दोन आठवड्यांत संपते. सहा महिन्यांनी शिट्टी वाजणारच नाही. खरं तर मला ते यंत्र बाबा गेल्यानंतर आठवड्याभरातच सापडलं होतं. 'सहा महिने' मी दुःख मुरलेलं दिसावं म्हणून घातले होते. ते काढल्याबरोबर कळलं, की बटण चालू आहे एवढं सांगितलं तरी मृत्यू किती ताजा आहे ते आपोआप येतं. तारखेची ओळ गेली. दुसरी ओळ तर कोणाच्याही वडिलांवर चालली असती, तीही गेली.

मग दोन्ही 'जणू'. उपमेला माझा विरोध नाही. पण जी वस्तू स्वतः बोलते आहे तिच्या शेजारी 'जणू' उभा केला, की तो दुभाष्याचं काम करू लागतो. शिट्टी वाजली हे ऐकल्यावर 'जिवंत असावं' हे वाचकाच्या मनात माझ्याआधी येतं. मी ते लिहिलं तर मागून धावत येऊन तेच सांगितल्यासारखं होतं.

शेवटच्या चार ओळी काढायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. त्यांत एक चमकदार उलट होती, त्यांना ऐकू येत नव्हतं की आम्ही ऐकलं नाही. वाचून दाखवली असती तर दाद मिळाली असती. पण ती उलट शब्दांची होती. कपाटापाशी मी उभी होते तेव्हा मनात असलं काही आलं नव्हतं. म्हणून मी स्वतःला विचारायचा प्रश्न बदलला. 'याचा अर्थ काय?' असं विचारणं सोडून 'मग काय झालं?' असं विचारलं. मग आठवलं. मूठ उघडल्यावर शिट्टी थांबली होती. आणि मी मूठ पुन्हा मिटली होती. ही गोष्ट पहिल्या खर्ड्यात नव्हतीच, कारण तिची जागा निष्कर्षाने घेतली होती.

बाबा गेल्यानंतर

कपाटात त्यांचं कानाचं मशीन सापडलं,
बटण चालूच.
मुठीत धरलं तर शिट्टी वाजली.
मूठ उघडली, थांबली.
पुन्हा मिटली.

चौदाच्या पाच ओळी झाल्या, पण त्या पाचांत एक कृती नवी आली आहे, ती नुसत्या कात्रीने मिळाली नसती. माझ्याकडे कोणी कविता घेऊन आलं की मी म्हणते, शेवटचं विधान पुसा आणि त्या जागी त्यानंतर काय घडलं ते लिहा. दहापैकी निम्म्या वेळा काहीच घडलेलं नसतं. मग तिथेच थांबायचं. उरलेल्या वेळी खरी कविता तिथे सापडते.

शीर्षकाकडे लक्ष द्या. ते अगदी साधं आहे. त्यात मृत्यूची माहिती आहे, जी कवितेत नाही. शीर्षक काढून वाचलं तर बाबा बाहेरगावी गेले असतील आणि यंत्र विसरले असतील असंही वाटेल. माहितीची जागा शीर्षक असते. पुष्कळ कवी शीर्षकात 'मौन', 'पोकळी', 'संवाद' असा अर्थ घालतात आणि माहिती ओळींत कोंबतात. त्यामुळे कविता सुरू होण्याआधीच तिचा निकाल लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक देणगी आहे, तिच्याविषयी थोडं जास्त बोलते. 'बटण चालूच' यातला 'च' काढून बघा. 'बटण चालू' ही नोंद झाली. 'चालूच' म्हटल्यावर कोणीतरी ते बंद करायला हवं होतं, कोणाच्या लक्षात आलं नाही, माणूस गेला आणि हे राहून गेलं, एवढं सगळं एका अक्षरात येतं. 'ही'चंही तसंच. 'आज पाऊस नाही' आणि 'आज पाऊसही नाही' यांत एका अक्षराचा फरक आहे. पण दुसऱ्या वाक्यात आणखी काय काय नाही याची एक अख्खी यादी दाराआड उभी आहे, आणि ती वाचक आपापली भरतो. तर, ना, की, हो, म्हणे ही सगळी अव्ययं अशीच आहेत. 'तो येणार आहे म्हणे' यातल्या 'म्हणे'त बोलणाऱ्याचा अविश्वास आणि आशा दोन्ही मावतात. जो भाव समजावून सांगायला आपण दोन ओळी खर्च करतो तो पुष्कळदा एका अव्ययात राहतो. उलट 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे' ही जोडणारी अव्ययं कवितेत आली की मी थांबून बघते. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की त्यांच्यातला 'म्हणून' वाचक स्वतः म्हणतो.

थांबण्याचा धडा तर आपल्या ओवीच्या घडणीतच आहे. १२९० साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात चांगल्या बोलण्याचं वर्णन आहे:

तैसे साच आणि मवाळ । मितले आणि रसाळ ।
शब्द जैसे कल्लोळ । अमृताचे ॥

'मितले' म्हणजे मोजके. पण मी ही ओवी तिच्या अर्थापेक्षा आकारासाठी वाचून दाखवते. मवाळ, रसाळ, कल्लोळ. तीन चरणांत यमक जुळत जातं, कान चौथ्या यमकाची वाट बघू लागतो, आणि चौथा चरण आखूड येतो, यमक न जुळवता थांबतो. ओवीला साडेतीन चरणांची म्हणतात ते याचमुळे. तो अर्धा चरण ऐकणाऱ्यासाठी मोकळा सोडलेला आहे असं मला नेहमी वाटतं. मुक्तछंदात लिहितानाही शेवटची ओळ आधीच्या ओळींपेक्षा आखूड आणि सुरात खाली ठेवून बघा. जिथे टाळी येईल असं वाटतं तिथून एक पायरी अलीकडे.

चारोळीविषयीही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. चारोळी आखूड असते, पण आखूड असणं आणि न समजावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्या ओळीपर्यंत चित्र उभं करायचं आणि चौथीत त्याचं तात्पर्य सांगायचं, ही सवय त्या प्रकाराला फार चिकटली आहे. 'आयुष्य म्हणजे', 'प्रेम म्हणजे' असं सुरू होणारं जे काही आपल्याला रोज फोनवर येतं ते दोन ओळींचं असूनही त्यात समजावणं शंभर टक्के असतं. सराव म्हणून पन्नास चारोळ्यांची चौथी ओळ झाकून वाचा. ज्या तीन ओळींत उभ्या राहतात त्यांच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

आता उलट बाजू, कारण हा सल्ला ऐकून काही जण फार कापतात. मीही कापलं आहे. एक कविता मी दहा ओळींवरून चारवर आणली आणि छापून आली तेव्हा कोणालाच तिचा पत्ता लागला नाही. कात्री चालवताना 'आईचा हात' यातली 'आई' गेली होती. मला ती दिसत होती, कारण ती माझी होती. वाचकाला नुसता एक हात दिसत होता. मम्मटाच्या त्याच यादीत 'अधिकपदा'च्या जोडीला 'न्यूनपद', म्हणजे गरजेपेक्षा कमी शब्द, हाही दोष आहे. दुय्यम ठरणाऱ्या व्यंग्याचे, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचे, त्याने आठ प्रकार सांगितले, त्यांत 'अगूढ' म्हणजे फारच उघडं आणि 'अस्फुट' म्हणजे फारच पुसट, दोन्ही आहेत. माझ्या त्या कवितेला पहिल्याची भीती होती म्हणून ती दुसऱ्यात जाऊन पडली. पुढच्या वेळी मी ती 'आई' परत घातली.

मोठ्याने म्हणण्यासाठी लिहिलेल्या रचनांना हे मोजमाप जसंच्या तसं लावू नका. अभंगाचं ध्रुपद पुन्हा पुन्हा येतं ते समजावण्यासाठी येत नाही. प्रत्येक कडव्यानंतर ते वेगळं ऐकू येतं. तसं होत असेल तर वीस वेळा म्हणा.

तपासायचं कसं, याचं माझं रोजचं काम सांगते. कविता एका माणसाला वाचायला द्यायची, आधी काही बोलायचं नाही. नंतर 'कळली का?' असं विचारायचं नाही. त्यावर सगळे 'हो' म्हणतात. 'काय दिसलं?' असं विचारायचं. खोली दिसली, चौकोन दिसले असं तो म्हणाला तर कविता पोचली, मग त्याने अर्थ कोणताही लावो. 'घराबद्दल काहीतरी होतं' असं म्हणाला तर विधान पोचलं आणि खोली हरवली. कापलेल्या ओळी मी फेकत नाही, वेगळ्या वहीत ठेवते. त्यामुळे कापताना हात अडखळत नाही, आणि क्वचित त्यातली एखादी ओळ दुसऱ्या कवितेची पहिली ओळ होते.

तुमच्या कवितेकडे परत येते. चौथ्या ओळीवर ती आजही थांबू शकते आणि छापण्यासारखी आहे. पण मला वाटतं अजून एक गोष्ट तुमच्याकडे शिल्लक आहे. 'प्रत्येक खिळ्याखाली' म्हणताना तुम्ही सगळे चौकोन एकसारखे केलेत. ते एकसारखे नसणार. त्यातला एक तुम्ही बाकीच्यांपेक्षा जास्त वेळ बघितला असणार. तिथे कोणाचा फोटो होता ते मला सांगू नका, कवितेतही सांगू नका. तो खिळा किती उंचीवर होता, तिथवर कोणाचा हात पोचायचा आणि कोणाला स्टुलावर चढावं लागायचं, एवढं लिहून बघा.